पुस्तकात आजीचं नाव कुठं आहे?



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत ग्रामपंचायतीतली एक वही मागवली होती. लोक जैवविविधता नोंदवही. गावात कोणती झाडं आहेत, कोणत्या रानभाज्या उगवतात, कोणतं बियाणं घराघरांत जपलंय, हे सगळं या वहीत लिहायचं असतं. आमची वही भरलेली होती. बाहेरून माणसं आली आणि दोन दिवसांत भरून गेली. आमच्यापैकी कुणाला काही विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मी रानभाज्यांचं पान मोठ्यानं वाचायला लागले. तांदुळजा, पाथरी, कुर्डू, टाकळा, घोळ. नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या एक आजी मध्येच म्हणाल्या, “आन् चिघळ?”

मी म्हटलं, “घोळ लिहिलीय की आजी. तीच नव्हं का?”

“आगं, घोळीचं पान थोराड आस्तंय, चिघळीचं बारीक. चिघळ भुईला मुळ्या टाकत पसरती. चव बी येगळी. बीए झालीस आन् येवढं म्हाईत न्हाई व्हय?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन शोधलं, तर वनस्पतिशास्त्रातही या दोन वेगळ्या जातीच मानतात. म्हणजे आजी बरोबर होत्या आणि वही चुकली होती. त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. आपल्या भागाची पुस्तकं आजवर कुणी लिहिली, कुणाला विचारून लिहिली आणि ती आपल्याकडे परत आली का? आज त्याचाच इतिहास सांगते.

सुरुवात करू १८८५ सालापासून. त्या वेळी सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यातल्या एकेका जिल्ह्याची माहिती गोळा करून मोठे ग्रंथ छापले, त्यांना गॅझेटियर म्हणतात. साताऱ्याचा ग्रंथ १८८५ मध्ये निघाला. डोंगर, नद्या, झाडं, पिकं, जाती, बाजार, किल्ले, सगळं त्यात आहे. अभ्यासक अजूनही तो उघडतात. पण तो लिहिला इंग्रजीत आणि कारभार करणाऱ्या साहेबांसाठी. शेतसारा गोळा करायचा तर मुलूख माहीत हवा, एवढा सरळ हिशेब. कांडण-दळण करणाऱ्या बाईला तो ग्रंथ वाचून दाखवावा, असं कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये साताऱ्याचे दोन भाग झाले. आपला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पुढं दोन वर्षांनी, १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. आपल्या लेकीबाळी ज्या कॉलेजात जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या डिग्रीवर याच विद्यापीठाचं नाव असतं.

विद्यापीठ म्हटलं की आपल्याला परीक्षा आणि निकाल आठवतात. पण विद्यापीठाचं आणखी एक काम असतं, पुस्तकं छापण्याचं. जे पुस्तक बाजारात फारसं खपणार नाही, पण ज्याच्यात आपल्या मुलखाचं ज्ञान साठवलेलं आहे, ते विद्यापीठानं छापायचं असतं. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे अभ्यासक. त्यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली आणि विद्यापीठानं ती खंडाखंडांनी छापली. राजाराम महाराज १७०० मध्ये वारले. त्यानंतर औरंगजेबाच्या फौजेपुढं राज्य उभं ठेवणारी ती महाराणी ताराबाई. तिच्या काळातली पत्रं, हुकूम, हिशेब छापले गेले, म्हणून आज कुणीही ते तपासू शकतं.

निसर्गाचंही उदाहरण आहे. डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. २००२ मध्ये विद्यापीठानं तो प्रसिद्ध केला. असं पुस्तक कसं तयार होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. अभ्यासक रानात फिरतात, फुलासकट फांदी आणतात, ती कागदांच्या थरात दाबून वाळवतात आणि जाड कागदावर चिकटवतात. त्याच्याखाली एक चिठ्ठी लावतात. झाड कुठं सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं आणि कुणी गोळा केलं. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर ती फांदी काढून पुन्हा बघता येते.

मला ही चिठ्ठी फार आवडते. कुठं, कधी, कुणी. आजीच्या चिघळीला अशी चिठ्ठी कधी लागली नाही. ताराबाईंकडं कारकून होते, शिक्के होते, म्हणून त्यांचा कागद टिकला. आपल्या आज्यांनी जे सांगितलं ते चुलीपुढं, शेताच्या बांधावर सांगितलं आणि तिथंच राहिलं.

अशीही पुस्तकं आपल्यापासून लांब राहतात. एक तर त्यातली बरीच इंग्रजीत. प्रकाशन शहरात होतं, प्रती कॉलेजच्या कपाटात जातात. लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. शास्त्राचा ग्रंथ शास्त्राच्या भाषेतच लिहावा लागतो. पण त्या ग्रंथापासून आपल्या ओसरीपर्यंत यायला एक वाट लागते. ती वाट आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईनं सत्तर वर्षांपूर्वी तयार केली होती.

त्या म्हणजे डॉ. सरोजिनी बाबर. वाळवा तालुक्यातल्या बागणी गावी १९२० मध्ये त्यांचा जन्म झाला. पोरींनी चार बुकं शिकली तरी पुष्कळ, असं मानण्याचा तो काळ. त्या शिकल्या, डॉक्टरेट मिळवली. १९५२ च्या निवडणुकीत विधानसभेत गेल्या, पुढं १९६८ ते १९७४ राज्यसभेतही होत्या. पण आज आठवण काढायची ती त्यांनी केलेल्या दोन कामांसाठी.

पहिलं काम समाज शिक्षण मालेचं. त्या वेळी गावोगावी प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालायचे. बाया-बापड्या अक्षरं शिकायच्या, पण शिकून वाचायचं काय? पोथी जड आणि शाळेचं पुस्तक पोरांचं. सरोजिनीबाईंनी वडिलांच्या साथीनं छोट्या छोट्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. थोडी पानं, सोपी वाक्यं आणि परवडणारी किंमत. अशा पाचशेच्या वर पुस्तिका निघाल्या. छपाईला पैसे लागतात, लेखक शोधावे लागतात, गठ्ठे बांधून पाठवावे लागतात. गटाचं एक पापडाचं युनिट चालवताना आपल्याला किती धावपळ होते ते आठवा, मग एवढ्या पुस्तिका काढणं म्हणजे काय ते कळेल.

दुसरं काम लोकसाहित्याचं. सरकारच्या लोकसाहित्य समितीच्या त्या अनेक वर्षं अध्यक्ष होत्या. जात्यावरच्या ओव्या, पंचमीची गाणी, उखाणे, म्हणी, सणवारांच्या रीती त्यांनी गावोगावहून जमवल्या आणि छापल्या. पुस्तकांची नावं ऐका. ‘साजशिणगार’, ‘कुलदैवत’, ‘श्रावण भाद्रपद’, ‘दसरा दिवाळी’, ‘कारागिरी’. यातलं एकही नाव आपल्याला परकं वाटत नाही. बायकांचं बोलणं म्हणजे रिकामपणच्या गप्पा, असं ज्या काळात समजत, त्या काळात बागणीच्या या लेकीनं त्या बोलण्याची पुस्तकं केली.

म्हणजे एकीकडून बायकांच्या तोंडचं घेतलं आणि दुसरीकडून वाचायला शिकणाऱ्या बायकांच्या हातात पुस्तक दिलं. ही देवघेव मला महत्त्वाची वाटते. नुसतं घेऊन जाणारे पुष्कळ येतात.

त्यात एक गोष्ट पुढं आणखी पक्की झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांनी ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. रानातल्या फांदीखालची चिठ्ठी अखेर ओवीलाही लागली.

आता परत येऊ आमच्या वहीकडं. तिच्यामागं कायदा आहे. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. २००४ च्या नियमांत समितीचं मुख्य काम सांगितलं, गावच्या लोकांशी सल्लामसलत करून ही नोंदवही तयार करणं. समितीवर निदान एक तृतीयांश बायका असाव्यात, हेही तिथंच लिहिलं. अनेक वर्षं हे काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. मुदत डोक्यावर आली की काम कसं होतं, ते आपल्याला कर्जाच्या फायलींवरून ठाऊक आहेच.

चिघळ राहून गेली, त्यात एवढं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण पुढं कुणी कंपनी गावचं बियाणं किंवा औषधी झाड धंद्यासाठी नेऊ लागली, तर हे ज्ञान आमचं आहे हे दाखवायला कागद हवा. जे वहीत नाही, त्यावर हक्क सांगताना अडचण होणार. दुसरं म्हणजे तणनाशकांच्या फवारणीनं बांधावरच्या भाज्या कमी होत चालल्यात. नाव माहीत असणारी आजी गेली आणि भाजीही गेली, तर काय होतं आणि काय हरवलं, हे सांगायलाही कुणी उरत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. शंभर पानी वही आणली. प्रत्येक बैठकीत हप्ते झाले की शेवटची पंधरा मिनिटं एका जाणत्या बाईची. ती बोलते आणि दहावी-बारावीतल्या पोरी लिहितात. भाजी कोणती, कुठल्या रानात, कोणत्या नक्षत्रात येते, कशी करतात, कुणाला देऊ नये. खाली सांगणारीचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख. पहिलं पान चिघळीचं आहे. आजींना त्यावर अंगठा उठवायचा होता, म्हणून तोही घेतला. वहीची नक्कल आम्ही ग्रामपंचायतीत दिली आणि दिल्याची पोच घेतली. नोंदवहीत दुरुस्ती अजून झालेली नाही, म्हणून पुढच्या ग्रामसभेत पुन्हा विषय मांडणार आहोत.

तुम्हीही दोन गोष्टी करा. गावच्या वाचनालयात जाऊन आपल्या जिल्ह्याची पुस्तकं मागा. सरोजिनी बाबरांचं नाव सांगा, विद्यापीठाची यादी मागा. सरकारमान्य वाचनालयाला अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकं घ्यायची असतात. कोणती घ्यायची, हे मागणाऱ्यावरही ठरतं आणि आजवर आपण मागितलेलं नाही. दुसरं, ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावची नोंदवही बघायला मागा. ती बैठकीत मोठ्यानं वाचा आणि वाचताना एखादी म्हातारी शेजारी बसवा.

काय राहिलंय, ते ती सांगेल. तुम्ही फक्त पेन उघडून ठेवा आणि खाली तिचं नाव लिहायला विसरू नका.