साडेबारा टक्क्यांचा पुरावा

सिंधुदुर्ग मागे का राहिला, याचं एक ठरलेलं उत्तर आहे : इथे शहर नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 45 टक्के नागरी होता, सिंधुदुर्ग जेमतेम साडेबारा. तेव्हा एक तर इथे मोठं शहर वसवा, नाही तर माणसांना शहराकडे जाऊ द्या.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. माणसं आणि धंदे दाटीने एकत्र आले की मजुरी वाढते, कसबाला गिऱ्हाईक मिळतं, हे जगभर दिसलं आहे. चूक आहे ती ‘इथे शहर नाही’ या गृहीतात.

आधी मोजमाप पाहू. नगरपालिका किंवा नगरपंचायत नसलेल्या गावाला जनगणना शहर मानते ते तीन अटींवर : 5,000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि 75 टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर. कोकणातलं गाव वाड्यावाड्यांत विखुरलेलं; मध्ये सडा, काजू, कलमं. घनतेच्या अटीतच बहुतेक गावं गळतात, मग पोट कशावर का चालेना. मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला घरोघरी पर्यटकांच्या खोल्या आणि किनाऱ्यावर नौकाफेऱ्या. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

दुसरा मुद्दा गाव आणि शहर यांच्या नात्याचा. 1911 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत निम्म्याच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आज सिंधुदुर्गात असलेले मालवण, देवगड, वेंगुर्ला तेव्हा त्यातच. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुइस यांच्या 1954 च्या मांडणीत शेतीतला जादा मजूर आधुनिक क्षेत्राकडे वळतो. पण कोकणातून मुंबईला कामाला गेलेल्या चाकरमान्याने घर हलवलंच नाही. गिरणगावात एका गावच्या मंडळींची एक खोली, पाळीप्रमाणे झोपणं, खानावळीचं जेवण आणि पगार झाला की मनीऑर्डर. म्हातारे, पोरं आणि भातशेती बायकोच्या माथी. दुखणं आलं, संप झाला की गडी गावी. कुटुंब सांभाळण्याचा मोठा वाटा गावाने उचलला, म्हणून गिरणीला मजूर स्वस्त पडला. मनीऑर्डरवर कोकण जगलं हे सगळे सांगतात. कोकणावर मुंबई किती जगली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. सिंधुदुर्गाला शहर होतं, पण ते जिल्ह्याच्या हद्दीबाहेर.

‘मग स्थलांतर चांगलंच की!’ असा प्रतिवाद येईल. नाही. 2001 ते 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली; हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया उरल्या. पोसण्याचा खर्च गावाचा आणि कमावत्या वयाचा लाभ शहराचा, ही वाटणी अन्यायाची आहे. हद्दीबाहेरच्या शहरावर हक्कही सांगता येत नाही. गंभीर रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचा, ही इथली रीतच. 2018 च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा जिल्ह्यातल्या दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं.

म्हणून इथे उणीव नव्या महानगराची नाही, नागरी सोयींची आहे. देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत पिण्याची विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा एकाच वाळूत असतात. तिथे चार गावांची मिळून सांडपाण्याची व्यवस्था हवी आणि तिचा खर्च पर्यटकांच्या गर्दीवर ठरायला हवा, दप्तरातल्या ‘ग्रामीण’ या शिक्क्यावर नव्हे. टक्केवारी वाढण्याची वाट पाहत बसलो, तर शहराचा मैला आधी येईल आणि शहराचा निधी मागून.