कामगार म्हणून नोंद: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे काम आणि पेठ वडगावच्या तरुणांसाठी काही मुद्दे

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. जनावरांचा बाजार, आठवडी बाजार आणि आजूबाजूच्या खेड्यांची रोजची ये-जा यामुळे इथे कचरा भरपूर होतो आणि तो उचलणारे हात ठरलेल्या वस्त्यांमधून येतात. हे फक्त वडगावचे चित्र नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान शहरांत रस्ता झाडणारा, गटार काढणारा, घंटागाडीवर चालणारा कामगार बौद्ध, मातंग, मेहतर किंवा अन्य वंचित समाजातला असतो. यातले थोडे कायम नोकरीत आहेत, बरेच ठेकेदाराकडे आहेत, आणि भंगार वेचणाऱ्या बाया तर कुणाच्याच हजेरीपत्रकावर नाहीत.

अशा कामगारांची संघटना काय करू शकते, याचे महाराष्ट्रातले सर्वात अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे पुण्याची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिची माहिती आपल्या भागातल्या तरुण कार्यकर्त्यांना एकत्र मिळावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बाबासाहेबांचा कामगार वारसा

आपल्या तालुक्यातल्या माणगावची परिषद (21 व 22 मार्च 1920) आपल्याला पाठ आहे. राजर्षी शाहू महाराजांची उपस्थिती, बाबासाहेबांचे अध्यक्षपद हे सारे आपण दरवर्षी सांगतो. बाबासाहेबांचे कामगार चळवळीतले काम मात्र जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. हा प्रश्न बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या काळात कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. 1935 मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला. 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाड येथे रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि 1943 मध्ये मालकांनी कामगार संघटनांना मान्यता देणे बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी मांडले.

म्हणजे कामगारांना संघटित करणे आणि त्या संघटनेला कायद्याने मान्यता मिळवून देणे हे बाबासाहेबांच्या कामाचाच भाग होते.

पुण्यात सुरुवात कशी झाली

1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांनी पुण्यातल्या कचरावेचक स्त्रिया व मुलांमध्ये काम सुरू केले. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली पुढे ठळक झालेली नावे. या बायांपैकी कित्येक कुटुंबे 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आली होती. बहुसंख्य दलित आणि बहुसंख्य निरक्षर.

अक्षरओळख शिकवायला गेलेल्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आले की बायांची पहिली गरज वेगळी आहे. कचराकुंडीत हात घालून वेचण्याऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर कमाई वाढते, वेळ वाचतो आणि जखमा कमी होतात. तशी व्यवस्था कोरेगाव पार्क भागात काही बायांसाठी उभी राहिली. तेवढ्यात एका खाजगी व्यावसायिकाने गाडी फिरवून तोच कचरा गोळा करायला सुरुवात केली. रोजी जाणार हे दिसताच बाया एकत्र येऊन विरोधाला उभ्या राहिल्या आणि आपले काम परत मिळवले. एका वस्तीचा प्रश्न सगळ्या शहराचा आहे हे त्यातून कळले. मे 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची परिषद भरली, शेकडो बाया आल्या आणि पंचायतीची स्थापना झाली. हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होता.

पहिली मागणी: ओळखपत्र

या संघटनेने सुरुवात पगारवाढीपासून केली नाही, कारण पगार देणारा मालकच नव्हता. पहिली मागणी होती ओळखपत्राची. कुठे चोरी झाली की पोलीस आधी कचरावेचकाला पकडत, सोसायटीचा रखवालदार हाकलून देई, भंगारवाला वजनात मारे. मी कामगार आहे हे सांगणारा कोणताही कागद या बायांकडे नव्हता.

1990 च्या दशकाच्या मध्यात पुणे महानगरपालिकेने पंचायतीच्या ओळखपत्राला आपली मान्यता दिली. देशात असे करणारी ही पहिली पालिका मानली जाते. पुढचे सगळे लाभ या एका कागदावर उभे राहिले. किती बाया आहेत, कुठे काम करतात, किती कचरा उचलतात याची नोंद झाली. त्या नोंदीच्या आधारे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने 2001 मध्ये अभ्यास झाला आणि या बायांमुळे पालिकेचा कचरा वाहतुकीचा खर्च किती वाचतो हे आकड्यांत मांडले गेले. त्यानंतर पालिकेने 2002-03 पासून नोंदणीकृत कचरावेचकांचा आरोग्य विमा स्वतःच्या खर्चाने सुरू केला. या बाया पालिकेकडे दया मागत नव्हत्या, केलेल्या कामाचा हिशेब देत होत्या.

वस्तीतले काम

पंचायतीने मोर्चे काढले, पण तिचा जम बसला तो वस्तीतल्या रोजच्या कामामुळे.

पतसंस्था: सावकाराचे व्याज हा कचरावेचक कुटुंबाचा मोठा खर्च. सभासदांची स्वतःची पतसंस्था निघाली. बचत आणि कर्ज दोन्ही तिथेच.

भंगार दुकान: संघटनेने स्वतःची दुकाने चालवली. वजन खरे आणि नफ्यातला वाटा सभासदांना.

मुलांचे शिक्षण: मुलांना वेचायला न नेता शाळेत घालण्याचा आग्रह, वह्यांचे वाटप, उत्तीर्ण मुलांचा सत्कार. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून पाठपुरावा करून ती मिळवली.

आरोग्य आणि सन्मान: वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम चालवली. कचरा वेगळा करणाऱ्या हातांचा विचार घराघरात पोहोचवण्याचा हा साधा मार्ग होता.

2008 मध्ये पंचायतीच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार केला. दारोदार कचरा गोळा करण्याचे काम याच बायांना मिळाले आणि घरटी शुल्क त्यांना मिळू लागले. 2016 च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, तोवर पुण्यात हे काम बरीच वर्षे चालू होते.

अडचणी संपलेल्या नाहीत. करार संपला की मुदतवाढीसाठी पुन्हा धावपळ, मोठ्या कंपन्यांना ठेका देण्याचे प्रयत्न, शुल्क न देणारी घरे हे सगळे आहे. संघटना आहे म्हणून त्याच्याशी झगडता तरी येते.

नोंद नसली की काय होते: मुंबईचे उदाहरण

मुंबईतल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाची लढाई हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवर ठेकेदारामार्फत काम करणारे हे कामगार, त्यात दलितांची संख्या मोठी. काम पालिकेचे, कचरा पालिकेचा, पण कागदावर कामगार पालिकेचा नाही. पुढे ‘हैदराबाद पॅटर्न’च्या नावाखाली त्यांना स्वयंसेवी संस्थांचे स्वयंसेवक ठरवण्यात आले.

संघाने वर्षानुवर्षे पुरावे जमवले. 2014 मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला आणि 7 एप्रिल 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. निकालानंतरही नावातल्या फरकासारख्या कारणांवरून अनेकांची प्रकरणे रखडली. ठेकेदाराच्या यादीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरे. इतक्या लहान चुकीमुळे माणसाचा हक्क अडकतो.

एक अवघड प्रश्न

तरुण बैठकांत एक प्रश्न नेहमी येतो. बाबासाहेबांनी तर घाणेरडी कामे सोडा म्हणून सांगितले. मग सफाई कामगारांची संघटना बांधून आपण समाजाला त्याच कामात अडकवत नाही का?

प्रश्न रास्त आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती घराला आधार देते, पण पदवीधर मुलाच्या हातातही झाडूच देते. कंत्राटी कामगाराच्या घरी तर तो आधारही नाही. तरीही आम्हाला असे वाटते की काम सोडण्याची ताकद कमाईतून येते. ज्या आईला किमान वेतन, पीएफ आणि आजारपणात उपचार मिळतात, तीच मुलीला बारावीनंतर पुढे शिकवू शकते. ज्या आईची मजुरी ठेकेदार तीन-तीन महिने थकवतो, तिची मुलगी शाळा सोडून तिच्याबरोबर कामावर जाते. पंचायतीने म्हणूनच दोन्ही गोष्टी एकत्र केल्या: आज काम करणाऱ्या बाईला कामगाराचा दर्जा आणि तिच्या मुलांना त्या कामातून बाहेर पडण्याची वाट.

पेठ वडगाव परिसरात काय करता येईल

वडगावात पुण्यासारखी हजारोंची संघटना होणार नाही, आणि तशी गरजही नाही. कामगार संघटनेच्या नोंदणीसाठी किमान सात सभासदांचा अर्ज लागतो. मात्र त्या आस्थापनेतल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितके सभासद हवेत, आणि ते कोणत्याही परिस्थितीत सातपेक्षा कमी नकोत. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, तरी ही अट तशीच आहे. नोंदणीच्या आधी करायची कामे शिकलेला कोणताही तरुण करू शकतो:

1. नावांची वही. कोण, कुठल्या ठेकेदाराकडे, कधीपासून, कोणते काम. आधार, बँक पासबुक आणि हजेरी यांत नाव एकच आहे का ते तपासावे आणि फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्यावा.

2. हजेरीचा पुरावा. मुकादमाच्या हजेरीचा मोबाइलवर फोटो, गणवेश, गाडीचा क्रमांक, बँकेत जमा झालेला पगार. कामगाराने रोज स्वतःच्या डायरीत दिवस लिहावा.

3. वेतनाची तपासणी. राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. मिळणारी रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी.

4. पीएफ आणि ईएसआय. पगारातून कापलेली रक्कम खात्यात भरली जाते का, हे यूएएन क्रमांकावरून पासबुक काढून बघता येते. बऱ्याच कामगारांना आपला यूएएनच माहीत नसतो.

5. मूळ मालकाची जबाबदारी. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ मालकावर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, नव्या संहितेतही आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि दाद न मिळाल्यास कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जावे.

6. भंगार वेचणाऱ्या स्त्रिया. यांना सर्वात शेवटी आठवले जाते. त्यांची वेगळी यादी करून नगरपरिषदेकडे ओळखपत्राची मागणी करावी. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज शाळा सुरू होताच भरून द्यावेत.

यातले एकही काम भाषणाचे नाही. पण सभासदाला विश्वास याच कामातून येतो. ज्याने आपला पीएफ शोधून दिला, त्याच्या हाकेला कामगार मोर्चालाही येतो.

आणखी एक सूचना. अशी संघटना एका पक्षाची किंवा एका जातीची होऊ देऊ नये. घंटागाडीवर बौद्ध, मातंग, मेहतर, मुस्लिम, मराठा असे सगळे कामगार शेजारी उभे असतात आणि ठेकेदार सगळ्यांचाच पगार थकवतो. पदाधिकाऱ्यांत स्त्रिया असाव्यात, आणि त्या स्वतः काम करणाऱ्या असाव्यात. वर्गणी लहान असली तरी नियमित घ्यावी, पावती द्यावी आणि हिशेब सर्वांसमोर वाचावा.

विहारात रविवारी आपण जमतोच. वंदना झाल्यावर एक तास, एक टेबल आणि एक वही एवढ्यावर हे काम सुरू होते. येत्या 22 मार्चला माणगावला अभिवादनासाठी जाण्याआधी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक सफाई कामगाराचे आणि कचरावेचक बाईचे नाव त्या वहीत असावे, एवढे आपण ठरवू.

जय भीम!