एल्युसिसची वाट

प्राचीन ग्रीस म्हटले की सॉक्रेटिस, प्लेटो, सिकंदर ही नावे चटकन ओठांवर येतात. अरस्तू आणि जालिनूस ही नावे तर युनानी हकिमांच्या तोंडून आपल्या घराघरांत पोचलेली आहेत. पण हा तत्त्वज्ञांचा देश वर्षातून एकदा हजारोंच्या संख्येने पायी यात्रेला निघत असे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अथेन्सहून एल्युसिसला जाणारी ती यात्रा, सुमारे एकवीस किलोमीटरांची. ती हजार वर्षे तरी चालली. जालिनूसलाही तिचे मोल ठाऊक होते. अवयवांच्या उपयोगावरील आपल्या ग्रंथात तो वाचकाला बजावतो की, एल्युसिसच्या दीक्षेच्या वेळी द्याल त्याहूनही अधिक लक्ष आता येथे द्या. हाच ग्रंथ पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकच्या मंडळींनी अरबीत आणला.

आम्ही येथे लिहिणार आहोत ते त्या श्रद्धेविषयी कमी आणि त्या वाटेविषयी अधिक. कोणाला बरोबर घ्यायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हा प्रश्न त्या वाटेवर फार उघडपणे दिसतो.

कथा थोडक्यात अशी. धान्याची देवी डिमीटर हिची मुलगी पर्सेफोनी पाताळाच्या राजाने पळवली. लेकीच्या शोधात भटकणारी आई एल्युसिसच्या विहिरीपाशी येऊन बसली. तिच्या दुःखाने जमीन नापीक झाली. शेवटी लेक परत आली, पण वर्षातले काही महिने तिला पाताळात राहावे लागेल या अटीवर. पेरलेले बी मातीत जाते आणि पुन्हा उगवते, ही शेतकऱ्याची रोजची ओळखीची गोष्ट या कथेत आहे. एल्युसिसला दीक्षा घेतलेल्यांना मृत्यूची भीती उरत नाही, अशी त्या लोकांची समजूत होती.

यात्रा पावसाळी पेरण्यांच्या आधी, सप्टेंबरच्या सुमारास येई. त्याअगोदर दूत गावोगाव जाऊन पंचावन्न दिवसांचा युद्धविराम पुकारीत, म्हणजे परक्या नगरांतल्या यात्रेकरूंनाही निर्धास्त येता-जाता यावे. अथेन्समध्ये जमल्यावर जाहीर घोषणा होई : ज्याचे हात रक्ताने माखलेले आहेत आणि ज्याला ग्रीक भाषा कळत नाही, त्याने दूर राहावे. बाकी सर्वांना वाट मोकळी. बाई असो, गुलाम असो, परगावचा असो. मग सर्वजण समुद्रावर जाऊन स्नान करीत. प्रत्येकाबरोबर बळी देण्यासाठी डुकराचे एक पिलू असे. आमच्या वाचकांना हे खटकेल, पण इतिहास सांगताना निवड करून चालत नाही.

त्यानंतर मिरवणूक निघे. पुढे पुजारिणी, त्यांच्याजवळ झाकलेल्या पेट्यांत पवित्र वस्तू, मागे डोक्यावर पानांचे मुकुट घातलेला जनसमुदाय आणि इआक्खोसच्या नावाचा गजर. वाटेत केफिसोस नदीच्या पुलावर तोंडे झाकलेली माणसे बसत आणि नगरातल्या बड्या लोकांना नाव घेऊन शिव्या देत. त्या दिवशी तक्रार करण्याची सोय नव्हती! अंधार पडल्यावर मशाली पेटत आणि लोक एल्युसिसच्या आवारात शिरत.

या वाटेवर आणखी एक छोटा पूल होता. इ. स. पूर्व ४२२-२१ मध्ये अथेन्सच्या लोकसभेने रेइतॉस या खाऱ्या पाण्यावर तो बांधण्याचा ठराव केला. ठराव दगडावर कोरलेला असून आजही वाचता येतो. पुलाची रुंदी पाच फूट ठेवा, म्हणजे त्यावरून गाड्या जाऊ शकणार नाहीत, यात्रेकरू चालत जातील, असे त्यात सांगितले आहे. पूल मुद्दाम अरुंद बांधणारी लोकसभा आम्हाला दुसरीकडे भेटलेली नाही.

तरीही श्रीमंत गाड्या आणीतच. चौथ्या शतकात लायकर्गस या पुढाऱ्याने कायदा केला की कोणत्याही स्त्रीने एल्युसिसला गाडीतून जाऊ नये, कारण त्यामुळे गरिबाघरच्या बायकांना कमीपणा वाटतो. मोडला तर सहा हजार ड्राखमा दंड. प्लुटार्कच्या नावावर असलेल्या चरित्रात पुढची हकिगत येते. हा कायदा पहिल्यांदा मोडला तो खुद्द लायकर्गसच्या बायकोने, आणि तिची चुगली करणाऱ्यांना त्याने स्वतःच्या खिशातून तेवढेच पैसे दिले.

दीक्षा फुकट नव्हती. इ. स. पूर्व ३२९-२८ च्या देवस्थानाच्या हिशेबात दोन सरकारी गुलामांच्या दीक्षेचा खर्च तीस ड्राखमा लिहिला आहे. म्हणजे माणशी पंधरा. त्याच हिशेबात साध्या मजुराचा रोज दीड ड्राखमा आहे. दहा दिवसांची मजुरी! गुलामांना तर मजुरी नव्हती, फक्त पोटापुरता भत्ता होता. ते दोघे दीक्षा घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच दगड वाहायला गेले असणार. एहरामच्या दोन वस्त्रांत राजा आणि रंक एक दिसतात हे आपण अभिमानाने सांगतो. पंढरीच्या वाटेवर जात विचारली जात नाही हे आपले वारकरी शेजारी सांगतात, आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना मान देणारी ती परंपरा आपल्यालाही परकी नाही. पण परतल्यावर घरच्या ओसरीवर कोण कुठे बसतो, हा हिशेब यात्रेच्या वर्णनांत कुणी लिहीत नाही. अथेन्सनेही लिहिला नाही.

युद्धाच्या काळात वाटेची परीक्षा झाली. इ. स. पूर्व ४१३ पासून स्पार्टाचे सैन्य अथेन्सजवळच्या डेकेलियाच्या ठाण्यात बसले आणि यात्रा जमिनीवरून बंद होऊन समुद्रमार्गे जाऊ लागली. ४१५ मध्ये याच विधींची थट्टा केल्याच्या आरोपावरून देश सोडून पळालेला सेनापती आल्सिबायडीस, ४०७ मध्ये परत येऊन सैन्याच्या बंदोबस्तात यात्रेकरूंना पुन्हा पायी घेऊन गेला. श्रद्धा होती की राजकारण, हे तोच जाणे.

आता दाराची गोष्ट. आत मोठ्या सभागृहात रात्री काय दाखवीत, ते बाहेर सांगणाऱ्याला मृत्युदंड होता. इ. स. पूर्व २०० च्या सुमारास अकर्नेनिया प्रांताचे दोन तरुण गर्दीबरोबर आत शिरले. दीक्षा घेतली पाहिजे हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी भाबडेपणाने काही विचारले आणि त्यांच्या प्रश्नांवरूनच ते उघडे पडले. ते चुकून आले हे स्पष्ट असतानाही त्यांना ठार मारण्यात आले. लिव्ही हा रोमन इतिहासकार हे सांगतो. त्यांच्या प्रांताने मॅसिडोनियाच्या फिलिप राजाची मदत घेऊन अथेन्सचा मुलूख उद्ध्वस्त केला. त्यातून रोम युद्धात उतरले, आणि पुढे ग्रीसचे स्वातंत्र्यच गेले. पाच फुटांच्या पुलाचा ठराव करणारे नगर दोन अजाण पोरांना क्षमा करू शकले नाही.

याउलट, सत्तेच्या शब्दाला ते दार वेळेआधीही उघडले. इ. स. पूर्व २० च्या सुमारास रोमचा सम्राट ऑगस्टस याच्याकडे हिंदुस्थानातून एक शिष्टमंडळ आले होते. त्यात एक श्रमण होता. ग्रीक त्याला झारमानोखेगास म्हणत. त्याच्या थडग्यावर तो बार्गोसाचा हिंदी असल्याचे लिहिले होते. बार्गोसा म्हणजे बहुधा आपले भडोच. सम्राटासाठी विधी मोसमाबाहेर ठरवण्यात आले आणि या हिंदी माणसालाही दीक्षा मिळाली. नंतर त्याने जिवंतपणी अग्निप्रवेश केला. अथेन्समधले ‘हिंदी माणसाचे थडगे’ शंभर वर्षांनंतर प्लुटार्कच्या काळीही लोकांना दाखवीत असत.

इ. स. १७० मध्ये टोळ्यांनी देवस्थान जाळले, मार्कस ऑरेलियसने ते पुन्हा बांधले. ३९२ मध्ये ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसने जुनी पूजा बंद केली आणि चार-पाच वर्षांत गॉथांनी उरलेसुरले मोडले. पण गावकऱ्यांनी सारे सोडले नव्हते. डोक्यावर पेटी घेतलेली एक भग्न स्त्रीमूर्ती खळ्याजवळ शेणखतात अर्धी गाडलेली होती. ती असली की पीक येते, अशी त्यांची श्रद्धा. उस्मानी अमलात, १८०१ साली, एडवर्ड क्लार्क या इंग्रजाने तुर्की अधिकाऱ्याचे फर्मान मिळवून ती उचलून नेली. गावकरी फार हळहळले. जहाज बुडेल असे ते म्हणाले, आणि ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ खरोखरच फुटले. मूर्ती मात्र वाचली. आज ती केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. तिच्या जोडीची दुसरी मूर्ती एल्युसिसलाच आहे.

एल्युसिस आता एलेफसिना झाले आहे. कारखाने, बंदर, गोदीत गंजणारी जहाजे. २०२३ साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. अथेन्समधून निघणाऱ्या रस्त्याला आजही ‘पवित्र मार्ग’ असेच नाव आहे. रेइतॉसच्या पाण्यातले एक तळे उरले आहे, त्याच्या शेजारी तेलशुद्धीकरण कारखाना आहे, आणि काठाने अथेन्स-कॉरिंथ महामार्गावरची वाहने रात्रंदिवस जात असतात.