शंभर मीटर शर्यत : आरंभाचे तंत्र आणि पहिले तीस मीटर

शंभर मीटर शर्यतीचा निकाल अंतिम रेषेवर लागत असला, तरी त्याची पायाभरणी पहिल्या तीस मीटरमध्ये होते. २००९ साली बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जमैकाच्या उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवला. त्या शर्यतीत पहिल्या २० मीटरसाठी त्याला २.८९ सेकंद लागले, तर ६० ते ८० मीटर हा टप्पा त्याने अवघ्या १.६१ सेकंदांत पार केला. स्थिर शरीराला गती देण्यातच सर्वाधिक वेळ खर्च होतो. त्यामुळे धावपटूच्या वेळेत सुधारणा घडवून आणण्यासाठी प्रशिक्षक प्रथम आरंभाकडेच लक्ष देतात.

खड्ड्यांपासून ब्लॉकपर्यंत

एकोणिसाव्या शतकात बहुतेक धावपटू उभ्यानेच शर्यत सुरू करीत. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थॉमस बर्क याने दोन्ही हात जमिनीवर टेकवून 'क्राउच स्टार्ट' घेतला आणि १२.० सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर अनेक वर्षे धावपटू खुरप्याने मातीत छोटे खड्डे खणून त्यात पाय रोवत असत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या जेसी ओवेन्स यांनीही असेच खड्डे खणले होते. स्टार्टिंग ब्लॉक अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. ऑलिंपिकमध्ये त्यांचा वापर प्रथम १९४८ साली लंडन येथे झाला. आता आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत क्राउच स्टार्ट आणि ब्लॉक दोन्ही अनिवार्य आहेत.

प्रतिसाद वेळ आणि बाद होण्याचा नियम

संकेताचा आवाज झाल्यापासून ब्लॉकवर दाब पडेपर्यंतच्या कालावधीस प्रतिसाद वेळ म्हणतात. ब्लॉकला जोडलेली यंत्रणा तो मोजते. हा कालावधी ०.१०० सेकंदापेक्षा कमी असल्यास धावपटूने आवाज ऐकण्यापूर्वीच हालचाल केली, असे मानले जाते.

२००२ पर्यंत प्रत्येक धावपटूस एक चूक माफ होती. २००३ पासून सर्व स्पर्धकांना मिळून एकच चूक माफ झाली आणि २०१० पासून पहिल्याच चुकीला धावपटू बाद होऊ लागला. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथे खुद्द बोल्ट अंतिम शर्यतीतून असा बाद झाला आणि विजेतेपद योहान ब्लेककडे गेले. २०२२ मध्ये युजीन येथे ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा डेव्हन ॲलन ०.०९९ सेकंदामुळे, म्हणजे सेकंदाच्या एक हजाराव्या भागाने बाद ठरला.

आवाज सर्वांना एकाच वेळी ऐकू यावा म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे ध्वनिक्षेपक असतो. पिस्तूल पहिल्या मार्गिकेशेजारी झाडल्यास आठव्या मार्गिकेपर्यंत आवाज पोहोचण्यास सुमारे ०.०२५ सेकंद अधिक लागतात.

प्रतिसाद वेळ हे मात्र आरंभाचे सर्वस्व नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या नोआ लाइल्सची प्रतिसाद वेळ ०.१७८ सेकंद होती आणि ३० मीटरच्या टप्प्यावर तो सर्वांत मागे होता. तरीही ९.७८४ सेकंदांत शर्यत पूर्ण करून त्याने जमैकाच्या किशेन थॉम्पसनला ०.००५ सेकंदाने मागे टाकले. संकेताचा अंदाज बांधून लवकर सुटण्याच्या मोहापेक्षा ब्लॉकमधून मिळणारा रेटा आणि त्यानंतरची पावले अधिक महत्त्वाची ठरतात.

ब्लॉकची मांडणी आणि 'सेट' स्थिती

सर्वसाधारणपणे पुढचा ब्लॉक आरंभरेषेपासून धावपटूच्या स्वतःच्या दोन पावलांच्या लांबीवर आणि मागचा ब्लॉक तीन पावलांच्या लांबीवर ठेवून सुरुवात केली जाते. उंची, पायांची लांबी आणि ताकद यांनुसार त्यात बदल करावा लागतो. दोन्ही ब्लॉक फार जवळ ठेवल्यास धावपटू लवकर बाहेर पडतो, पण रेटा देण्यास अवधी कमी मिळाल्याने त्याची गती कमी राहते. म्हणून बहुतेकांसाठी मध्यम अंतर योग्य ठरते.

'ऑन युवर मार्क्स' या आज्ञेनंतर हात रेषेच्या मागे, खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर टेकवले जातात. 'सेट' म्हणताच कंबर खांद्यांच्या किंचित वर येते आणि खांदे रेषेच्या थोडे पुढे जातात. पुढच्या गुडघ्यात सुमारे ९० अंशांचा, तर मागच्या गुडघ्यात १२० ते १४० अंशांचा कोन होतो. मान पाठीच्या रेषेत आणि नजर खाली असते. दोन्ही टाचा मागे दाबून ब्लॉकवर आधीच ताण निर्माण केलेला असावा.

पहिली पावले

संकेत होताच दोन्ही पायांनी रेटा द्यावयाचा असतो. मागचा पाय जोरदार पण अल्पकाळ रेटा देऊन प्रथम सुटतो. पुढचा पाय अधिक काळ दाब देत पूर्ण ताठ होतो. त्या क्षणी टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका तिरक्या रेषेत दिसले पाहिजे.

पहिल्या पावलांत जमिनीला मागच्या दिशेने ढकलणे हे मुख्य कार्य होय. पाऊल शरीराच्या फार पुढे पडल्यास ते ब्रेकसारखे काम करते. नडगी पुढे झुकलेली असावी आणि टाच जमिनीलगतच पुढे यावी. सुरुवातीला पाऊल जमिनीवर तुलनेने अधिक काळ टेकते. वेग वाढतो तसा हा काळ कमी आणि पावलांची लांबी अधिक होत जाते. धड क्रमाक्रमाने सरळ व्हावे, एकदम नव्हे. उत्तम धावपटूंचा कमाल वेग साधारणतः ५० ते ७० मीटरच्या दरम्यान येतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या पावलालाच उभे राहणे नुकसानीचे ठरते.

सराव आणि नेहमीच्या चुका

नवोदितांनी प्रथम उभ्याने तोल पुढे झुकवून धावणे, नंतर एक हात टेकवून सुरुवात करणे आणि शेवटी ब्लॉक, असा क्रम ठेवावा. सौम्य चढावर १० ते ३० मीटरच्या धावा, हलके वजन ओढत धावणे, उभ्याने लांब उडी आणि मेडिसिन बॉल फेकणे यांमुळे आवश्यक ताकद वाढते. धावा पूर्ण वेगाने घ्याव्यात आणि दर १० मीटरमागे सुमारे एक मिनिट विश्रांती घ्यावी. दमलेल्या शरीराने केलेल्या सरावात चुकाच पक्क्या होतात.

सुटताच डोके वर करणे, घाईने आखूड पावले टाकणे, पहिले पाऊल ताणून लांब टाकणे आणि 'सेट' स्थितीत सगळा भार हातांवर देणे या नेहमीच्या चुका आहेत. १०, २० आणि ३० मीटरच्या वेळा स्वतंत्र नोंदवल्यास चूक कोठे आहे, हे कळते.

भारतीय संदर्भ

जुलै २०२५ मध्ये ग्रीस येथे अनिमेष कुजूर याने १०.१८ सेकंदांत शंभर मीटर धावून नवा राष्ट्रीय विक्रम केला. अशी कामगिरी कृत्रिम धावमार्गावरील दीर्घ सरावातून घडते. अनेक शाळांत मात्र मातीचे मैदान असते आणि ब्लॉक नसतात. अशा विद्यार्थ्याला ब्लॉकची ओळख थेट मोठ्या स्पर्धेत झाली, तर एका चुकीने त्याची संधी संपू शकते. त्यामुळे स्पर्धेपूर्वी काही आठवडे ब्लॉकवर सराव मिळणे अगत्याचे आहे.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळा शर्यतीतील कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांश भागाने हुकले होते. एवढा वेळ ब्लॉकमधील एका चुकीच्या कोनातही सहज निघून जातो.