राणीचा शब्द

आजीच्या जुन्या पेटींत किंवा एखाद्या सराफाच्या पेढीवर ज्यांनीं राणीछाप रुपया पाहिला असेल, त्यांना त्यावरील मुद्रा आठवत असेल. डोक्यावर मुकुट, अंगावर नक्षीचें वस्त्र, आणि चेहरा तरुण. १८७६ पर्यंतच्या रुपयावर तिच्या नांवापुढें ‘क्वीन’ हा शब्द असे. १८७७ पासून त्या जागीं ‘एम्प्रेस’ आला. पण चेहरा तोच राहिला. इंग्लंडच्या नाण्यांवर ती १८८७ मध्यें प्रौढ झाली आणि १८९३ मध्यें डोक्यावर ओढणी घेतलेली वृद्धा झाली. आमच्या रुपयावर मात्र १९०१ मध्यें, एक्यायशीं वर्षांची होऊन ती वारली तेव्हांही, तरुणच होती. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानांत कधीं आली नाहीं. येथें तिची मुद्रा आली आणि तिचा शब्द आला. त्या शब्दावर या देशांतील शहाण्या माणसांनीं दोन पिढ्या विश्वास ठेवला. तो पाळणें न पाळणें हें तिच्या हातीं कितपत होतें, हें तिच्या चरित्रावरूनच पाहिलें पाहिजे.

२४ मे १८१९ रोजीं केन्सिंग्टन राजवाड्यांत जन्मलेल्या या मुलीचा बाप, केंटचा ड्यूक एडवर्ड, ती आठ महिन्यांची असतांनाच वारला. आई जर्मन होती, आणि आईचा कारभारी सर जॉन कॉन्‌रॉय याला भावी राणी आपल्या मुठींत हवी होती. त्यामुळें तिच्याभोंवतीं असा पहारा बसला कीं, जिना उतरतांनासुद्धां कोणी तरी तिचा हात धरावा असा नियम होता, आणि गादीवर येईपर्यंत तिला आईच्याच खोलींत निजावें लागलें. तेराव्या वर्षीं तिला रोजनिशी लिहावयास वही मिळाली. तीही आईच्या नजरेखालून जात असे. २० जून १८३७ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप आणि लॉर्ड कॉनिंगहॅम यांनीं येऊन चुलता वारल्याची वार्ता तिला दिली. त्या दिवसाच्या नोंदींत, कोणाकोणाची भेट घेतली हें सांगतांना, ‘एकटीनें’ हा शब्द तिनें पुन्हां पुन्हां लिहिला आहे. जिला जिना एकटीनें उतरतां येत नव्हता, तिला एकटें असणें हेंच पहिलें राज्य वाटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु इंग्लंडच्या राज्यांत राजानें एकट्यानें करण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नव्हतें. हें तिला प्रथम कळलें तें १८३९ मध्यें. तिचा आवडता मुख्य प्रधान लॉर्ड मेलबोर्न यानें राजीनामा दिला, आणि हुजूरपक्षाच्या सर रॉबर्ट पीलनें राणीच्या परिवारांतील कांहीं व्हिग घराण्यांच्या स्त्रिया बदलाव्या अशी मागणी केली. राणीनें साफ नाकारलें. पीलनें प्रधानकी घेतली नाहीं, मेलबोर्न परत आला, आणि एकोणीस वर्षांची राणी जिंकली असें सर्वांस वाटलें. पण अवघ्या दोन वर्षांत, १८४१ च्या निवडणुकीनंतर, तोच पील मुख्य प्रधान झाला. मतपेटीपुढें राणीचा हट्ट दोन वर्षें टिकला; त्याहून अधिक टिकला नाहीं.

१० फेब्रुवारी १८४० रोजीं तिचें आपला मामेभाऊ आल्बर्ट याच्याशीं लग्न झालें. आपल्या वाचकांस हा संबंध विचित्र वाटणार नाहीं. आल्बर्ट हा अभ्यासू व करड्या शिस्तीचा मनुष्य होता, आणि त्याचा इंग्रज सरदारांस थोडा कंटाळाच होता. टेबलाशीं बसून कागद वाचणें, त्यांवर टिपणें करणें, मंत्र्यांस उलट प्रश्न विचारणें, ही संवय राणीला त्यानें लावली. हुकूम करतां येत नसेल, तर निदान मसुदा सुधारून मागतां येतो, हें त्या दोघांनीं ओळखलें होतें. १८५१ चें लंडनचें महाप्रदर्शन, तो कांचेचा प्रचंड महाल आणि तो पाहावयास लोटलेले साठ लाख लोक, यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. येथें तें नको. आमचें काम त्या मसुद्यांपैकीं एकाशीं आहे.

१८५७ चा उठाव झाल्यावर इंग्लंडांत सुडाची भाषा सर्रास बोलली जात होती. त्या वेळीं गव्हर्नर जनरल कॅनिंग यानें सरसकट कत्तलीस विरोध केला, म्हणून त्याची चेष्टा होत होती; राणीनें मात्र त्यास पत्र लिहून पाठिंबा दिला. ऑगस्ट १८५८ मध्यें कंपनीचें राज्य संपविणारा कायदा झाला. जाहीरनाम्याचा मसुदा राणीकडे गेला, तेव्हां ती प्रशियांत आपल्या थोरल्या मुलीकडे होती. मसुदा तिला मुळींच आवडला नाहीं. त्यांत एतद्देशीयांचे धर्म व चालीरीति मोडण्याचें सामर्थ्य सरकारास आहे, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. त्यास तिनें स्पष्ट हरकत घेतली. मुख्य प्रधान लॉर्ड डर्बी यानें तो कागद स्वतः पुन्हां लिहावा, आणि लिहितांना हें ध्यानांत ठेवावें कीं, रक्तपातानंतर प्रत्यक्ष कारभार हातीं घेणारी एक स्त्री दहा कोटींहून अधिक लोकांशीं बोलत आहे, असें तिनें कळविलें. त्या पत्रामागें आल्बर्टचा सल्ला किती होता, हा प्रश्न गौण आहे. आग्रह तिचा होता आणि तो मानला गेला. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं कॅनिंगनें अलाहाबाद येथें जो जाहीरनामा वाचला, त्यांत धर्मांत हात न घालण्याचें वचन होतें, आणि वंश वा धर्म न पाहतां लायक प्रजाजनांस सरकारी नोकरींत घेण्याचेंही होतें. मात्र या दुसऱ्या वचनापुढें ‘शक्य असेल तितकें’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द होते. शब्द लहान, पण सगळें पाणी त्या भोकांतून गेलें.

१४ डिसेंबर १८६१ रोजीं आल्बर्ट वारला. तिनें त्यानंतर चाळीस वर्षें काळें वस्त्र सोडलें नाहीं. पार्लमेंट उघडावयास ती क्वचितच जाई, लंडनपेक्षां ऑसबोर्न व बालमोरल येथेंच अधिक राही. विधवेच्या शोकाची लोकांना आरंभीं कींव आली, मग कंटाळा आला. १८७१ मध्यें सर चार्ल्स डिल्क यानें न्यूकॅसल येथें राजघराण्याच्या खर्चावर कडक भाषण केलें, आणि प्रजासत्ताकवाद्यांच्या मंडळ्याही ठिकठिकाणीं निघाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस युवराज विषमज्वरांतून थोडक्यांत वांचला, आणि लोकांचा राग एकाएकीं निवला. राजसत्तेचें असें भाग्य कीं, तिला बुद्धिवादानें नव्हे तर एका तापानें तारलें.

मग डिझरायली आला. त्यानें राणीला पुन्हां लोकांपुढें आणलें, आणि १८७६ च्या कायद्यानें तिला सम्राज्ञी ही पदवी मिळवून दिली. १ जानेवारी १८७७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यानें दिल्लीस मोठा दरबार भरवून तिची द्वाही फिरविली. त्याच वेळीं दख्खनांत व मद्रास इलाख्यांत दुष्काळानें माणसें मरत होतीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीनें गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या खादीच्या पोषाखांत त्या झगमगाटांत गेले होते. आणि राणीच्या शब्दाविषयीं लिटनचें खरें मत काय होतें? पुढच्याच वर्षीं, १८७८ मध्यें, एका गुप्त टिपणांत त्यानें लिहिलें कीं, हीं वचनें पाळलीं जाणार नाहींत आणि पाळलीं जाऊं शकत नाहींत. कानाला जें सांगितलें तें हृदयांत मोडण्यासाठीं साध्य तेवढे उपाय सरकारनें केले आहेत. सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेची वयोमर्यादा त्याच सुमारास एकवीसवरून एकोणिसावर आली. इतक्या लहान वयांत समुद्र ओलांडून लंडनास परीक्षेला बसणें किती हिंदी मुलांना जमणार होतें? दादाभाई नौरोजींनीं लिटनचे हे शब्द पुढें लोकांपुढें मांडले. पण जाहीरनाम्याचा आधार मात्र त्यांनीं सोडला नाहीं. सनद म्हणून तोच कागद हातीं होता.

राणीला हें सारें कितपत ठाऊक होतें? ठाऊक असतें तरी तिला काय करतां आलें असतें? १८८० मध्यें ग्लॅडस्टन तिला नकोसा होता. त्याऐवजीं दुसरे दोघे पुढारी तिनें विचारून पाहिले, पण अखेर त्यालाच बोलवावें लागलें. वॉल्टर बॅजटनें १८६७ मध्येंच लिहून ठेवलें होतें कीं, राजाला हक्क तीनच: सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा. १८५८ मध्यें तिनें हे हक्क मोठ्या कसोशीनें वापरले. पुढें हिंदुस्थानाविषयींची तिची ओढ अधिक घरगुती झाली. १८८७ पासून मुन्शी अब्दुल करीम याच्याकडून ती हिंदुस्थानी भाषा शिकूं लागली, वहींत उर्दू लिपि गिरवूं लागली, ऑसबोर्नला भाई राम सिंग याच्या कलाकुसरीचा दरबारी दिवाणखाना झाला. यांत ढोंग नव्हतें. तिच्या दरबारांतील गोऱ्या माणसांस तो मुन्शी डोळ्यासमोर नको होता, आणि तिनें त्यांचें ऐकलें नाहीं. पण वयोमर्यादा एकोणीस असावी कीं एकवीस, हें त्या वहींत ठरत नव्हतें.

हिरक महोत्सवाच्या दिवशीं, २२ जून १८९७ रोजीं, राजवाड्यांतून निघण्यापूर्वीं तिनें विजेची कळ दाबून साऱ्या साम्राज्यास तारेनें आभार व आशीर्वाद पाठविले. पुण्यांत तें प्लेगचें वर्ष होतें. सोजिरांच्या घरझडत्यांनीं शहर पोळलें होतें. त्याच रात्रीं गणेशखिंडींतील सरकारी वाड्यावरचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनीं गोळी झाडली. त्याच्या आदल्या वर्षीं मुंबईंतील राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासलें गेलें होतें. तेंही आपणच केलें, असें दामोदर चापेकरांनीं आत्मवृत्तांत लिहिलें आहे. सार्वजनिक काकांच्या खादीपासून या डांबरापर्यंत वीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं.

२२ जानेवारी १९०१ रोजीं ती ऑसबोर्न येथें वारली. तेराव्या वर्षीं सुरू केलेली रोजनिशी शेवटच्या दिवसांपर्यंत चालली होती. धाकटी मुलगी बीट्रिस हिनें आईच्या आज्ञेनें ती पुढें अनेक वर्षें बसून उतरून काढली. जें गैरसोयीचें वाटलें तें गाळलें, आणि जसजशी नक्कल होत गेली तसतशा मूळ वह्या जाळून टाकल्या. ही नक्कल २०१२ मध्यें सर्वांस वाचावयास खुली झाली. १८५८ च्या पानांवरही आज जें अक्षर दिसतें, तें राणीचें नव्हे, मुलीचें आहे.