दुधाची बाटली आणि कर्करोगाचे औषध: आतड्यातील जिवाणूंची गोष्ट

१/१२
१९९४ साली जपानमध्ये इरिनोटिकॅन या कर्करोगावरील औषधाला मान्यता मिळाली. ते प्रथम तयार केले याकुल्टच्या संशोधकांनी. छोट्या बाटलीतल्या आंबट-गोड पेयामुळे ओळखली जाणारी तीच ही कंपनी. आतड्याचे रक्षण करणारे जिवाणू विकणाऱ्या या कंपनीचे औषध आतड्यालाच फार जाचक ठरले, आणि त्या त्रासात जिवाणूंचाच हात निघाला.

२/१२
या गोष्टीचा आरंभ पॅरिसमध्ये होतो. ८ जून १९०४ रोजी पाश्चर इन्स्टिट्यूटचे एली मेचनिकोव्ह यांनी वार्धक्यावर व्याख्यान दिले. मोठ्या आतड्यातील कुजवणारे जिवाणू शरीरात विष पसरवतात आणि आंबवलेल्या दुधातील जिवाणू त्यांना आवर घालतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. दाखला होता बल्गेरियातील दीर्घायुषी खेडुतांचा.

३/१२
१९०८ साली मेचनिकोव्ह यांना नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी, दह्यासाठी नव्हे. तरी त्या कीर्तीचे तेज दह्यावरही पडले. दीर्घायुष्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. स्वतः मेचनिकोव्ह १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी निवर्तले.

४/१२
पुढे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर यांनी दाखवून दिले की बल्गेरियन दह्यातला जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करत नाही. म्हणून पोटातील आम्ल व पित्त सोसून जिवंत राहणाऱ्या जिवाणूंचा शोध सुरू झाला. १९३० मध्ये क्योटो येथे मिनोरू शिरोता यांनी असा एक जिवाणू वाढवला. १९३५ पासून तो याकुल्ट या नावाने विकला जाऊ लागला.

५/१२
याच काळात कर्करोगाच्या उपचारांचा इतिहासही आकार घेत होता. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. अवघ्या दोन वर्षांत, १८९७ मध्ये, डेव्हिड वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी या किरणांमुळे पोटाच्या आतील भागाला होणाऱ्या इजेची नोंद केली. कारण पुढे उलगडले: लहान आतड्याचे अस्तर काही दिवसांतच नवे होते. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालणारा उपचार कर्करोगाच्या पेशी आणि हे अस्तर यांत भेद करत नाही.

६/१२
इरिनोटिकॅनचे मूळ एका झाडात आहे. १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. सह्याद्रीतील नरक्या या झाडातही हेच द्रव्य असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी लवकरच दाखवले. त्यासाठी पुढे नरक्याची बेसुमार तोड झाली.

७/१२
मूळ कॅम्प्टोथेसिन माणसाला सोसवेना. तीव्र दुष्परिणामांमुळे त्याच्या आरंभीच्या चाचण्या थांबल्या. त्यात बदल करून इरिनोटिकॅन तयार झाले. ते प्रभावी ठरले, पण जुलाब इतके तीव्र की मात्रा घटवावी लागे, कधी उपचारच थांबवावे लागत. उपचार थांबणे म्हणजे रोगाला सवड मिळणे.

८/१२
असे का होते? यकृत या औषधाच्या सक्रिय रूपाला साखरेसारखा एक रेणू जोडून ते निष्क्रिय करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. आतड्यातील काही जिवाणू आपल्या विकराने तो रेणू तोडतात. निकामी झालेले विष पुन्हा जागे होते आणि अस्तर जाळते. मेचनिकोव्ह यांचा ‘विष निर्माण करणारा जिवाणू’ वेगळ्याच रूपात खरा ठरला.

९/१२
मग ‘चांगले’ जिवाणू देऊन त्रास टाळता येईल का? हा प्रश्न फिनलंडमध्ये आधीच विचारला गेला होता. १९८८ मध्ये ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्या मोजक्या स्त्रियांना जिवंत जिवाणूंचे आंबवलेले दूध देण्यात आले. त्यांना जुलाब कमी झाले. २००७ मध्ये तिथेच आतड्याच्या कर्करोगाच्या १५० रुग्णांवर चाचणी झाली. त्यांची केमोथेरपी इरिनोटिकॅनची नव्हती. तीव्र जुलाब प्रोबायोटिक घेणाऱ्यांत २२ टक्के, इतरांत ३७ टक्के आढळले.

१०/१२
इरिनोटिकॅनची थेट परीक्षा स्लोव्हाकियात झाली. २०१५ च्या ४६ रुग्णांच्या चाचणीत प्रोबायोटिक घेणाऱ्या एकालाही तीव्र जुलाब झाले नाहीत, दुसऱ्या गटात सुमारे १७ टक्क्यांना झाले. आशा वाढली. मात्र त्याच देशातील पुढच्या, कितीतरी मोठ्या चाचणीत हा लाभ दिसला नाही. छोट्या चाचणीतील फरक योगायोगाचाही असू शकतो.

११/१२
शिवाय धोकाही आहे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात आणि अस्तर जखमी होते. अशा वेळी निरुपद्रवी जिवाणूही रक्तात शिरू शकतो. असे प्रसंग विरळ आहेत, पण नोंदलेले आहेत. म्हणूनच आज काही मार्गदर्शक तत्त्वे ओटीपोटाच्या रेडिएशनवेळी ठरावीक जिवाणूंचा विचार सुचवतात, पण सरसकट सल्ला देत नाहीत. कोणता जिवाणू, किती, केव्हा आणि कोणाला हे रुग्णाचे डॉक्टरच ठरवू शकतात. घरच्या विरजणातले जिवाणू म्हणजे चाचणीत मोजून दिलेले जिवाणू नव्हेत.

१२/१२
१९०४ च्या व्याख्यानात दीर्घायुष्याचे आश्वासन होते. आजचा दावा त्या मानाने फार लहान आहे: काही उपचारांत, काही रुग्णांचे, काही जुलाब टळू शकतात. पण पहिला दावा एका थोर नावावर उभा होता. दुसरा रुग्णांच्या मोजणीवर उभा आहे, आणि मोजणी विरुद्ध गेली तेव्हा तेही जाहीर झाले. शतकभराची खरी प्रगती ती हीच.