वारुळावरचं भूछत्र

परवाच्या पावसानं आमच्या धावड्याच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगरातल्या सागाच्या पाचोळ्यात भूछत्रं निघाली. शनिवारी पाहिली तवा पांढरीशुभ्र. सोमवारी गुरं घेऊन गेलो तर काळी पडून पाणी सुटलेलं, आत किडे वळवळत होते. बुधवारी जागेवर नुसता ओला डाग.

पण वर दिसतं ते फळ. खरं झाड म्हणजे पाचोळ्याखालचे पांढरे धागे, अन् ते जिवंतच असतात. हातानं पाचोळा उकरा, दिसतील. लाकडातला लिग्निनसारखा चिवट भाग गुराच्या पोटाला पचत नाही, तो यातल्या बऱ्याच बुरश्या पचवतात.

या कवकाला आपल्याकडं मान कमीच. मनुस्मृतीत लसूण-कांद्याच्या पंगतीत तेही द्विजांना वर्ज्य सांगितलंय. कांदा कुणी सोडला नाही, हा भाग वेगळा. आमची आई माळकरी. तिच्या चुलीवर भूछत्र चढत नसे. वडील मग बांधावरच तीन दगड मांडून, मीठ-मिरची घालून परतायचे. घ्यायचे ते फक्त वारुळावरचं, पाचोळ्यातलं कधीच नाही. (ओळख पक्की नसेल तर तोंडात घालू नका. चांदी काळी पडते का, लसूण काळा पडतो का, या परीक्षा खोट्या आहेत.)

वारुळावरच का उगवतं, हे वडिलांना ठाऊक नव्हतं. तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनबरोबर दक्षिणेत आलेला वैद्य योहान कोनिग यानं १७७९ साली वाळवीवर लिहिलं, त्यात वारुळातल्या बुरशीची नोंद आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यानं १९४२ साली त्या बुरशीला टर्मिटोमायसेस हे नाव दिलं. प्रकार असा, की वाळवी वाळलं पान, काडी खाऊन आत आणते अन् विष्ठेचे पोळ्यासारखे वाफे रचते. त्यावर ही बुरशी वाढते, काडी पचवते, अन् वाळवी तो पिकलेला वाफा खाते. पावसाळ्यात त्याच वाफ्यातून लांब मुळाचं भूछत्र माती फोडून वर येतं. एकावाचून दुसरं जगत नाही. म्हणून धिंगरी शेडमध्ये होते, ही होत नाही. ही जोडी आफ्रिकेच्या जंगलात सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी जमली, असं अभ्यासक मानतात. आपली शेती दहा-बारा हजार वर्षांची.

इंदुरात १९२४ ते १९३१ काम केलेल्या आल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथंच कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. १९४० सालच्या पुस्तकात त्यांनी शेतकऱ्याला जंगलाकडं बघायला सांगितलं. जंगलाला खत कुणी घालत नाही, ते आपलं आपण तयार करतं.

हे मी वाचलं उशिरा. २००९ साली पावसानं ओढ दिली अन् मक्याला वाळवी लागली. काडीकचरा मी उन्हाळ्यातच पेटवून दिलेला, मग वाळवीनं खावं तरी काय? तेवढं तवा सुचलं नाही. बांधावरच्या वारुळात क्लोरपायरीफॉस ओतलं, वरून जेसीबी फिरवला. मक्याच्या चार ओळी वाचल्या. त्या बांधावर परत भूछत्र निघालं नाही.

वडील थकले होते, रानात येणं बंद झालेलं. श्रावण लागला की विचारायचे, "निघालं का रं?" मी म्हणायचो, "अजून पाऊस कमी हाय, दादा." पाच श्रावण हेच सांगितलं. २०१४ ला ते गेले.

नाल्याकडंला दुसरं वारूळ आहे. त्याच्याभोवतीचा एक गुंठा मी नांगरत नाही, मक्याचा चारा-काडी तिथं टाकतो. गोव्याचे डॉ. नंदकुमार कामत लोकांना कित्येक वर्षं सांगतायत, रानातली रोंय अळमी ओरबाडू नका. रोंय म्हणजे वारूळ. कारण बहुतेक जातींत नव्या वारुळाला बुरशीचं बी बाहेरून, उमललेल्या छत्रीतूनच मिळतं. कळीतच खुडलं तर बी कुठून पडणार?

यंदा तिथं सात निघाली. नातवानं हट्ट केला म्हणून एक खुडलं, बांधावर तीन दगड मांडून परतलं. बाकीची सहा जागेवर उमलली अन् कुजली. सपाट केलेल्या जुन्या बांधावर या महिन्यात मातीचे ओले गोळे दिसतायत, बोटभर उंचीचे. वाळवीचेच आहेत. मी अजून कुदळ लावलेली नाही.